वाघिणीचे सांधे

पुण्यात लघुरेल्वेचा विषय निघाला की पहिले नाव येते ते कोथरूडच्या जोशी संग्रहालयाचे. भाऊसाहेब जोशी यांनी छंद म्हणून मांडायला घेतलेला हा पसारा १९९८ साली कर्वे रस्त्यालगत लोकांसाठी कायमचा खुला झाला. तो पाहून आल्यावर घरी टेबलावर आपला एखादा डबा जोडायला बसणारी माणसे या शहरात आहेत. त्यांच्या गप्पांत इंजिनांना मोठा मान असतो. मालडबा मात्र मागे राहतो, आणि मला वाटते तो उगाचच मागे राहतो. भारतीय मालगाडीचे डबे दुकानात सहज मिळत नाहीत. ते परदेशी डब्यावर कारागिरी करून किंवा कोऱ्या शीटपासून स्वतः बांधावे लागतात. म्हणजे या छंदातले खरे हातकाम वाघिणीतच, म्हणजे मालडब्यातच आहे, आणि त्या हातकामाचे दोन मोठे प्रश्न आहेत: काय कशाने चिकटवायचे, आणि कोणते बारकावे घालायचे.

आधी मापे पाहू, कारण पुढचे सगळे त्यावर ठरते. जगात सर्वाधिक चालणारे प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. कोळसा, खनिज वाहणारी आपली ओळखीची उघडी वाघीण बॉक्सएन. ती कपलिंगपासून कपलिंगपर्यंत १०,७१३ मिलिमीटर, म्हणजे एचओमध्ये जेमतेम १२३ मिलिमीटर. रुंदी ३,२०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे ३७. खरी गाडी ५८ वाघिणींची असते. ती जशीच्या तशी लहान केली तरी सात मीटरांवर जाते. सदनिकेत एवढी गाडी कोण पळवणार? आठ-दहा डब्यांतच भागवावे लागते. डबे इतके थोडे असले की प्रत्येक डब्याकडे नजर जाते, म्हणून बारकाव्यांवर घातलेला वेळ वाया जात नाही.

रुळांची एक अडचण मात्र मान्य करूनच पुढे जावे लागते. एचओचा रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचा. तो परदेशी स्टँडर्ड गेजला बेतलेला आहे. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर, म्हणजे या प्रमाणात सव्वाएकोणीस व्हायला हवा. काही जण त्यासाठी रूळ आणि चाकांचे आस नव्याने करतात. मी तो मार्ग सुचवणार नाही. सगळा वेळ त्यातच जातो आणि डबा दुसऱ्या कुणाच्या रुळांवर चालत नाही. त्यापेक्षा बोगीच्या, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याच्या, बाजूच्या चौकटी पातळ पट्ट्या लावून थोड्या बाहेर घ्याव्यात. बाजूने पाहताना गाडी आपलीच वाटते. चाकांचे माप मात्र जरूर पाहावे. बॉक्सएनचे नवे चाक १,००० मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे साडेअकरा. अमेरिकी मालडब्यांची चाके याहून बरीच लहान असतात. युरोपीय डब्यांची ११ मिलिमीटरची चाके त्याला जवळची आहेत.

आता चिकटवण्याकडे. बहुतेक लोक विचारतात, चांगला गोंद कोणता. माझ्या मते प्रश्न असा विचारायला हवा की सांध्याच्या दोन्ही बाजूंना काय आहे, त्या सांध्यावर जोर कोणत्या दिशेने येणार आहे, आणि काम कोणत्या महिन्यात चालू आहे. पुण्यात तिसऱ्या प्रश्नाला पहिल्या दोन प्रश्नांइतकेच महत्त्व आहे.

बहुतेक तयार डब्यांचे अंग पॉलिस्टायरिनचे असते. घरी बांधायचे तर थर्मोफॉर्मिंगच्या धंद्यात लागणारी एचआयपीएस शीट वापरता येते. तीही त्याच कुळातली. स्टायरिनला स्टायरिन जोडायला गोंद लागतच नाही, विद्रावक लागतो. ब्यूटिल ॲसिटेट, ॲसिटोन, एमईके असली द्रव्ये प्लॅस्टिकचा वरचा थर विरघळवतात, दोन्ही बाजू एकमेकींत मिसळतात, आणि द्रव उडून गेला की सांधा एकसंध होतो. पातळ द्रवाचे काम अगदी सोपे आहे: दोन तुकडे कोरडेच जुळवून धरायचे, ब्रशचे टोक फटीला लावायचे, आणि द्रव आपोआप आत ओढला जातो. यासाठी तुकडे आधी नीट जुळले पाहिजेत. फट दिसत असेल तर पॉलिश पेपरने कड सरळ करा. फट भरायला जास्त द्रव ओतला तर पातळ भिंत पोचट होऊन आठवड्याने आत वळते. मे महिन्यात पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हाच द्रव फटीत शिरण्याआधी उडतो. तेव्हा छोट्या लांबीत काम करावे किंवा ट्यूबमधला दाट प्रकार घ्यावा.

प्लंबर वापरतात ते पीव्हीसी पाइपचे सोल्यूशनही स्टायरिनला चिकटते, पण ते दाट आणि जोरदार असते. अंगावरची बारीक उठावाची रेघ त्याने क्षणात पुसली जाते. आतल्या बाजूच्या जाड पट्ट्यांपुरते ते ठीक. ॲक्रिलिकच्या पाट्या करणारे कारागीर क्लोरोफॉर्म वापरतात. तो घरात, मुलांच्या खोलीत, खिडकी बंद करून वापरायची गोष्ट नाही. पावसाळ्यात तर खिडक्या बंदच असतात, म्हणून हे सांगावे लागते.

दुसरे कुळ सायनोॲक्रिलेटचे, आपल्याकडे फेविक्विक या नावानेच चालणारे. १९४२ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीतले हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत असताना हे द्रव्य हाताशी आले, पण ते प्रत्येक गोष्टीला चिकटते म्हणून बाजूला ठेवले गेले. १९५८ मध्ये ते ईस्टमन ९१० या नावाने बाजारात आले. ते घट्ट होते ते हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्यामुळे. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये ते पुण्यात नेहमीपेक्षा लवकर धरते आणि उन्हाळ्यात रेंगाळते. दमट हवेत दुसरा त्रास सुरू होतो: त्याची वाफ आजूबाजूला बसून पांढरा धुरकट थर तयार होतो. तपकिरी रंगाच्या वाघिणीवर तो लगेच दिसतो, आणि ब्रेकव्हॅनच्या खिडकीची काच तर कायमची आंधळी होते. उपाय असा की काम रंगाआधी करावे, थेंब नळीतून थेट न सोडता सुईच्या टोकाने लावावा, आणि पंख्याचा हलका वारा ठेवावा. खायच्या सोड्याची चिमूट टाकली की थेंब तत्काळ दगडासारखा होतो, आणि छोटा खड्डाही भरून निघतो. पण मग ते घासणे कठीण जाते, म्हणून लगेच घासावे.

फेविक्विकची ताकद लोक जास्त मानतात. सरळ ओढले तर तो सांधा चांगला टिकतो, पण कडेने सोलला किंवा झटका बसला तर काचेसारखा तुटतो. कपलिंगचा खोका, बोगीचा खुंट, वजनाची पट्टी असल्या झटके खाणाऱ्या जागी त्याच्यावर भिस्त ठेवू नये. तिथे इपॉक्सी हवी.

अराल्डाइटच्या दोन नळ्या, रेझिन आणि हार्डनर, समसमान काढून टाकाऊ पत्र्यावर पूर्ण एकजीव कराव्यात. अर्धवट मिसळलेली इपॉक्सी कधीच कडक होत नाही. नेहमीच्या प्रकाराला रात्रभर वेळ द्यावा. डिसेंबरच्या थंड रात्री त्याहून जास्त लागतो, तेव्हा टेबललँपची ऊब कामी येते. धातू-प्लॅस्टिक, प्लॅस्टिक-लाकूड असल्या विजोड जोड्यांना ती सर्वांत विश्वासू. दोन्ही पृष्ठभाग मात्र पॉलिश पेपरने खरवडायलाच हवेत. पुण्याच्या दुकानात फळीवर शेजारीशेजारी दिसणाऱ्या यांतल्या बऱ्याच नळ्या आता एकाच घरच्या आहेत, हेही जाताजाता सांगावेसे वाटते: १९५९ मध्ये फेविकॉलपासून सुरू झालेल्या पिडिलाइटने एमसील २००० साली घेतले आणि भारतातला अराल्डाइटचा व्यवसाय २०२० मध्ये.

पांढऱ्या फेविकॉलला प्लॅस्टिकवाले कमी लेखतात. प्लॅस्टिकला प्लॅस्टिक जोडायला तो निरुपयोगी आहे हे खरे. पण कागद, पुठ्ठा, लाकूड, थर्माकोल आणि कोळशाचा भरणा यांना त्याच्यासारखा पर्याय नाही. खिडकीची काच बसवायलाही तोच, कारण त्याची वाफ होत नाही आणि सुकल्यावर तो पारदर्शक होतो. थर्माकोलला विद्रावक किंवा फेविक्विक लागले की खड्डा पडतो, हे सगळ्यांना एकदा तरी कळतेच. रबरी फेविबाँडसारखे संपर्कगोंद स्टायरिनवर वापरू नयेत. त्यांतला द्रावक प्लॅस्टिक खातो.

फेविकॉलबद्दल एक धोक्याची गोष्ट फार थोड्यांना माहीत असते, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. डबा रुळावर नीट चालायला त्याला वजन लागते. अमेरिकेच्या मॉडेल रेल्वे संघटनेची शिफारस आहे: एचओ डब्याला एक औंस आणि शिवाय लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. बॉक्सएन भरते पावणेपाच-पाच इंच, म्हणजे एकूण सुमारे ९७ ग्रॅम. एवढे वजन आणायला अनेक जण शिशाचे छर्रे किंवा तुकडे घेतात आणि फेविकॉलमध्ये ओततात. अशा गोंदातून हळूहळू ॲसिटिक आम्ल सुटते. ते, हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा मिळून शिशाचा पांढरा भुगा करतात, आणि तो भुगा मूळ शिशापेक्षा जास्त जागा घेतो. बंद पोटाचा डबा दोन-चार वर्षांत फुगतो, शिवण उकलते, आणि आतली करामत कुणालाही समजत नाही. इंग्लंडमधल्या छंदिष्टांनी मॉडेल इंजिनांचे बॉयलर या कारणाने फुटलेले पाहिले आहेत. पुण्याच्या पावसाळ्यात ओलावा भरपूर, त्यामुळे धोका कमी नाही. शिसे वापरायचेच असेल तर इपॉक्सीत बसवा आणि हात धुवा. मी तर लोखंडी नट आणि पट्ट्यांनाच प्राधान्य देईन. त्यांना जागा जरा जास्त लागते, एवढेच.

काही सांध्यांना गोंद लागतच नाही, हेही ओळखले पाहिजे. तयार बोग्यांच्या चौकटी बऱ्याचदा ॲसिटलच्या, म्हणजे मेणासारख्या गुळगुळीत, काळ्या प्लॅस्टिकच्या असतात. आस त्यात कमी घर्षणाने फिरावा म्हणून ते प्लॅस्टिक निवडलेले असते, आणि त्याच गुणामुळे त्याला कशानेच पक्के चिकटवता येत नाही. आतल्या न दिसणाऱ्या जागी विद्रावकाचा थेंब लावून पाहावा: पृष्ठभाग चिकट झाला तर स्टायरिन, काहीच झाले नाही तर तिथे स्क्रू हवा. बोगी तर फिरायला हवी, म्हणून ती स्क्रूनेच. कपलिंगचा खोकाही शक्यतो छोट्या स्क्रूनेच बसवावा. पुढे बदलताना डबा फोडावा लागत नाही. आपल्या वाघिणींचे मधले कपलिंग मुठीसारखे एकमेकांत अडकते, आणि १९४६ साली सुरू झालेल्या अमेरिकेच्या केडी कंपनीचे कपलिंग दिसायला त्याच्या बरेच जवळ जाते.

पेट्रोलची बीटीपीएन टाकी पुणेकरासाठी सर्वांत जवळची वाघीण, कारण लोणीच्या तेल डेपोंमुळे ती दौंड मार्गावर नेहमी दिसते. तिच्या गोल पिंपाचा व्यास सुमारे २,८५० मिलिमीटर. ८७ ने भागला की ३२-३३ मिलिमीटर होतो, आणि प्लंबिंगच्या दुकानात ३२ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा पीव्हीसी पाइप पडूनच असतो. स्टायरिन कापून, तापवून गोल करण्याचा खटाटोप त्यामुळे वाचतो. डबा कपलिंगपासून कपलिंगपर्यंत १४३ मिलिमीटर. पाइपावरचा छापील मजकूर आणि चकाकी पॉलिश पेपरने पूर्ण काढावी, नाहीतर रंग सुटतो. खोगीर बसवायला इपॉक्सी. वरच्या चालण्याच्या जाळीला आणि शिडीला फेविक्विकचा सुईभर थेंब.

आता बारकावे. इथे माझा आग्रह एकच: वाघीण कुठून पाहिली जाते ते आधी ठरवा. मॉडेल नेहमी जरा वरून आणि बाजूने दिसते. फलाटावर उभे राहिलो तर डोळे बाजूच्या भिंतीवर आणि टोकाच्या भागावर जातात. खालचे ब्रेकचे सगळे दांडे तिथून दिसत नाहीत. म्हणून मी खालच्या यंत्रणेपैकी बाजूने दिसणारे ब्रेक सिलिंडर आणि हाताचे ब्रेकचाक तेवढे घालीन, आणि वाचलेला वेळ टोकांवर घालवीन. टोकाला पाय ठेवायच्या पायऱ्या, धरायच्या दांड्या, कपलिंग सोडायचा दांडा, हवेच्या नळ्या. वाघिणीचे खरे रूप तिथेच आहे.

धरायची दांडी करून पाहिली की कामाची पद्धत कळते. खरी दांडी बोटाएवढी, म्हणजे एचओमध्ये ०.२ ते ०.३ मिलिमीटर. त्यासाठी पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणाऱ्या बारीक तारा किंवा गिटारची सर्वांत पातळ पोलादी तार चालते. सुईने जागा टोचून ०.४ मिलिमीटरच्या ड्रिलने हातानेच भोक पाडायचे. यंत्राचा वेग प्लॅस्टिक वितळवतो. तार पट्टीवर काटकोनात दोनदा वाकवून दोन्ही पाय बाहेरून आत घालायचे. मग दांडी आणि भिंत यांच्यामध्ये पुठ्ठ्याची एक चीप ठेवायची, म्हणजे सगळ्या दांड्यांचे अंतर सारखे राहते. आतल्या बाजूने सुईच्या टोकाने फेविक्विक लावायचे आणि चीप काढून घ्यायची. बाहेर गोंदाचा ठिपकाही दिसत नाही, आणि तार भिंतीत रोवलेली असल्याने बोट लागले तरी ती निघत नाही. मूळ मॉडेलवर कोरलेली दांडी पातळ पात्याने खरवडून तारेची बसवली की डबा दुसऱ्याच दर्जाचा दिसू लागतो. एवढ्या एका कामाने जेवढे बदलते तेवढे इतर कशानेही नाही.

हवेच्या नळ्या मऊ तारेच्या किंवा पातळ रबरी तंतूच्या कराव्यात. रबर फेविक्विकला उत्तम धरते. त्रिमितीय छपाईने कॅसनब जातीच्या बोगीच्या चौकटी, दरवाजे, ब्रेकव्हॅनची जाळी हल्ली सहज तयार होतात. एबीएसला ॲसिटोन चालतो, पीएलएला फेविक्विक बरे. रेझिनच्या छपाईला तर त्याच रेझिनचा थेंब लावून यूव्ही टॉर्च धरली की सांधा मूळ वस्तूचाच भाग होतो. रंगाआधी छपाईचे थर नीट घासणे मात्र कुणाला टळत नाही.

रंगाआधी एक दिवस थांबावे. फेविक्विकची वाफ आणि विद्रावक पूर्ण उडून गेले नसतील तर रंगाखाली बुडबुडे आणि डाग उमटतात. बॉक्सएनचा रंग लालसर तपकिरी, पण गाडीत दोन वाघिणी सारख्या कधीच नसतात. एकाच डबीतून रंगवलेल्या दहा वाघिणी लगेच खेळण्यातल्या वाटतात. कोळशाच्या वाघिणीचे आतले अंग रंग निघून गंजलेले असते, बाहेर वरच्या कडेला भरणा सांडल्याच्या काळ्या रेघा. सिमेंट-खताच्या बीसीएनच्या दारांखाली पांढरट ओघळ. ते पेस्टल खडूची पूड आणि मॅट वार्निशने येतात. कोळशासाठी खरा कोळसाच कुटून चाळावा; प्लॅस्टिकच्या दाण्यांना तो निस्तेज काळा रंग नसतो. फेविकॉलमध्ये पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा थेंब घालून ते ड्रॉपरने भरण्यावर सोडावे, म्हणजे दाणे हलत नाहीत.

शेवटी अंगावरचा मजकूर, कारण तिथे चूक झाली की जाणकाराची नजर लगेच अडकते. आपल्या वाघिणीवर ११ आकडी क्रमांक असतो: पहिले दोन आकडे प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, त्यापुढचे दोन बांधणीच्या वर्षाचे, मग चार आकडी अनुक्रम, आणि शेवटचा आकडा पडताळणीचा. उघड्या वाघिणींचे प्रकार १० ते २९ मध्ये, झाकलेल्या ३० ते ३९ मध्ये, टाक्या ४० ते ४९ मध्ये. मध्य रेल्वेचा आकडा ०१. समजा आपण १० ०१ ०५ १२३४ असा क्रमांक घेतला. सम स्थानांवरचे आकडे ०, १, ५, २, ४. बेरीज १२, तिप्पट ३६. विषम स्थानांवरचे १, ०, ०, १, ३, बेरीज ५. एकूण ४१. पुढची दहाची पट ५०, म्हणून पडताळणीचा आकडा ९. अकरावा आकडा मनाने टाकण्यापेक्षा हे गणित करावे. दोन मिनिटांचे काम आहे.

क्रमांकाबरोबर मालक रेल्वेची अक्षरे देवनागरीतही असतात, आणि दुरुस्तीची व परतीची तारीख छोट्या अक्षरांत. वाघीण जितकी वर्षे चालली तितके हे मजकूर पुसट आणि वर नवे रंगवलेले. पांढऱ्या खडूने परीक्षकाने केलेल्या खुणाही असतात, ०.१ मिलिमीटरच्या पांढऱ्या पेनाने दोन-तीन रेघा पुरतात. अक्षरांची डिकॅल, म्हणजे चिकटचित्रे, लावताना चकाकीचे वार्निश खाली आणि मॅट वर, म्हणजे चित्राची पारदर्शक कड दिसत नाही. घोरपडी, दौंड, लोणी इथे जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या पाहताना नजर याच जागी ठेवावी, आणि घरी येऊन आठवत असेल तेवढे लगेच वहीत उतरवावे: कोणत्या वर्षाची, कुठल्या रेल्वेची, गंज कुठे, ओघळ कुठे. ब्रेकव्हॅनसाठी तर हे फारच गरजेचे आहे. २०२२ पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण बीव्हीझेडआय ब्रेकव्हॅनचे जिने, कठडे आणि खिडक्यांच्या जाळ्या तशाच आहेत. मोजून बांधल्या तर गाडीचे शेवटचे टोक सर्वांत देखणे होते. चार चाकांच्या जुन्या वाघिणी रुळांवरून जवळजवळ गेल्याच आहेत. त्यांतली एखादी यार्डाच्या कोपऱ्यात किंवा रेल्वेच्या संग्रहालयात उभी दिसली तर परवानगी घेऊन तिची मापे आजच काढावीत. रेखाटन आणि मापे हाताशी असली की शीट कापायला एक रविवार पुरतो.